पडता काळ आणि सुपरबाजार : तूट कोणाच्या खाती?

१९६६ च्या जून महिन्यात रुपयाचे अवमूल्यन झाले. देशाच्या अनेक भागांत अवर्षणामुळे धान्याची टंचाई होती आणि नित्योपयोगी वस्तूंचे भाव चढत होते. अशा वेळी, जुलै महिन्यात, केंद्र शासनाच्या पुढाकाराने दिल्लीच्या कॅनॉट प्लेसमध्ये ‘सुपर बाजार’ हे सहकारी तत्त्वावरील मोठे भांडार उघडण्यात आले. भाववाढीस आवर घालणे हा त्यामागील हेतू होता. म्हणजे आपल्याकडे हा शब्दच मुळी टंचाईच्या दिवसांत रुजला. पुढे खाजगी साखळी-दुकाने आली, शहरांच्या उपनगरांतून आणि तालुक्याच्या गावांतून पसरली, आणि सुपरबाजार म्हणजे सुबत्तेचे लक्षण असा समज रूढ झाला.

अशा दुकानाची पारख मात्र चांगल्या दिवसांत होत नाही. खप वाढत असतो तेव्हा पुरवठादाराला वेळेवर पैसे मिळतात, नोकरांना कामाचे तास मिळतात, गावालाही दुकानाचा अभिमान वाटतो. मंदी, महागाई, साथीचा रोग किंवा प्रतिस्पर्ध्याशी भावयुद्ध यांपैकी एखादे संकट ओढवले की दुकानाच्या हिशेबात तूट दिसू लागते. ती मालकाच्या नफ्यातून भागवावयाची, पुरवठादाराच्या बिलातून, नोकराच्या वेतनातून की ग्राहकाच्या खिशातून, हा निर्णय तेव्हा घ्यावा लागतो. ब्रिटनमध्ये गेल्या पंचवीस वर्षांत या प्रश्नाची चौकशी झाली, कायदे झाले आणि त्यांचे बरेवाईट अनुभवही आले. नाशिकची द्राक्षे ज्या दुकानांत विकली जातात त्यांत या दुकानांचाही समावेश असल्यामुळे तो अनुभव महाराष्ट्राला परका नाही.

पुरवठादाराच्या पैशावर चालणारे दुकान

प्रथम या व्यवहाराची रीत समजून घेतली पाहिजे. दूध, अंडी, पाव, भाजी असा माल दुकानात आल्यापासून दोन-तीन दिवसांत विकला जातो आणि ग्राहक त्याचे पैसे तेथल्या तेथे देतो. पुरवठादाराचे बिल मात्र ३० किंवा ६० दिवसांनी, कधी त्याहूनही उशिरा चुकते केले जाते. मधल्या काळात दुकानाच्या हाती खेळणारा पैसा वस्तुतः पुरवठादाराचा असतो, आणि त्यावर व्याज द्यावे लागत नाही. दुकानाला चणचण भासली की बँकेकडे जाण्यापूर्वी ते बिलाची मुदत लांबविते, कारण तो मार्ग सर्वांत स्वस्त पडतो.

दुसरा मार्ग कपातीचा. मालाची मांडणी दर्शनी फळीवर करण्याबद्दल रक्कम, जाहिरातीचा वाटा, दुकानात चोरीस गेलेल्या मालाची भरपाई, न विकलेल्या मालाची घट, गिऱ्हाइकाच्या तक्रारीबद्दल दंड अशा नावांनी बिलातून रकमा वळत्या केल्या जातात. बाजार समितीच्या आवारात ज्याने शेतमाल विकला आहे त्याला हे नवे वाटणार नाही. कडता, तोलाई, वाराई, नमुना ही त्याच कुळातील नावे होत. या बाबतीत वऱ्हाडचा अनुभव जुना आहे. कारंजा येथील कापसाचा बाजार १८८६ मध्येच नियमनाखाली आला होता आणि १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा स्वतंत्र कायदा झाला. त्या नियमनामागे मँचेस्टरच्या गिरण्यांना चांगला कापूस मिळावा हा हेतू अधिक होता, हे खरे. तथापि बाजारातील खरेदीदाराला नियम असावेत ही कल्पना तेव्हापासूनची आहे. खुद्द ब्रिटनमधील किराणा व्यापाराला सक्तीची आचारसंहिता लागू होण्यास मात्र २०१० साल उजाडावे लागले.

भीतीचे वातावरण

ब्रिटनच्या स्पर्धा आयोगाने २००० साली मोठ्या दुकानांच्या खरेदी-पद्धतीची चौकशी केली. त्यानंतर २००२ मध्ये टेस्को, सेन्सबरी, ॲस्डा आणि सेफवे या चार साखळ्यांसाठी एक संहिता अमलात आली. ती जवळजवळ निरुपयोगी ठरली, आणि तिचे कारण लक्षात घेण्याजोगे आहे. तक्रार पुरवठादाराने करावयाची होती. ज्याचा निम्मा माल एकच दुकान घेते तो उत्पादक त्या दुकानाविरुद्ध तक्रार करील आणि दुसऱ्या दिवशी पूर्ववत माल पाठवील, असे कोण मानील? तक्रारी आल्याच नाहीत. त्या न येणे हे व्यवहार सुरळीत असल्याचे लक्षण नव्हते, असे पुढील चौकशीत दिसून आले. एप्रिल २००८ मधील अहवालात आयोगाने म्हटले की मोठी दुकाने धंद्यातील जोखीम आणि अनपेक्षित खर्च पुरवठादारांवर प्रमाणाबाहेर ढकलतात, आणि त्यामुळे पुरवठादार नव्या उत्पादनात पैसा घालण्यास कचरतात. म्हणजे अंतिमतः नुकसान ग्राहकाचेच होते.

४ फेब्रुवारी २०१० पासून नवी संहिता लागू झाली. किराणा मालाची वार्षिक उलाढाल १०० कोटी पौंडांहून अधिक असलेल्या दहा साखळ्या आरंभी तिच्या कक्षेत होत्या. पुढे ही संख्या चौदा झाली. करार लेखी असावा, तो मागील तारखेपासून बदलू नये, बिल विनाविलंब चुकते करावे, दुकानातील चोरीची भरपाई पुरवठादाराकडून घेऊ नये, आणि एखाद्याचा माल घेणे थांबवावयाचे झाल्यास वाजवी मुदतीची सूचना द्यावी, ही त्यातील मुख्य कलमे. तरीही देखरेख करणारा अधिकारी नव्हता. तो २०१३ च्या कायद्याने आला. क्रिस्टीन टेकन या पहिल्या निर्णायक अधिकारी. तक्रारदाराचे नाव गुप्त ठेवणे हे त्यांच्यावरील वैधानिक बंधन होते, आणि या एका तरतुदीने जे साधले ते संहितेच्या सर्व कलमांनी मिळून साधले नव्हते.

टेस्कोचे प्रकरण

या व्यवस्थेची पहिली मोठी कसोटी लागली ती टेस्को या सर्वांत बलाढ्य साखळीच्या बाबतीत. २००८ च्या आर्थिक अरिष्टानंतर ब्रिटिश गृहिणी काटकसरीकडे वळली होती आणि आल्डी व लिड्ल ही स्वस्त मालाची जर्मन दुकाने तिला जवळची वाटू लागली होती. टेस्कोचा खप घसरत होता. सप्टेंबर २०१४ मध्ये कंपनीने जाहीर केले की आपला अपेक्षित नफा २५ कोटी पौंडांनी फुगवून सांगण्यात आला होता. पुरवठादारांकडून येणे असलेल्या रकमा वेळेआधीच जमेस धरण्यात आल्या होत्या. या गैरव्यवहाराबद्दल २०१७ मध्ये कंपनीने १२.९ कोटी पौंडांचा दंड मान्य केला.

फेब्रुवारी २०१५ मध्ये सुरू झालेल्या चौकशीचा अहवाल २६ जानेवारी २०१६ रोजी प्रसिद्ध झाला. स्वतःची आर्थिक स्थिती बरी दिसावी म्हणून टेस्कोने पुरवठादारांचे पैसे जाणूनबुजून रोखून धरले, असा निष्कर्ष त्यात होता. एका पुरवठादाराच्या मालाचे दर दुकानाच्या यंत्रणेत चुकीचे नोंदले गेले होते. त्यापोटी त्याचे कित्येक लाख पौंड येणे निघत होते. चूक दाखवून दिल्यानंतर ती रक्कम हाती येण्यास बारा महिन्यांहून अधिक काळ लागला. खरेदी-अधिकाऱ्यांना नफ्याचे उद्दिष्ट ठरवून दिलेले असे आणि ते गाठण्यासाठी एखाद्याचे देणे पुढील सहामाहीत लोटणे सोयीचे होई.

दंड मात्र झाला नाही. उलाढालीच्या एक टक्क्यापर्यंत दंड करण्याचा अधिकार एप्रिल २०१५ मध्ये प्राप्त झाला होता, आणि चौकशीतील प्रकार त्याआधीचे होते. दंडाऐवजी सूचना देण्यात आल्या. बिलातून परस्पर कपात करू नये. कपात करावयाची असल्यास पुरवठादाराला हरकतीसाठी ३० दिवस द्यावेत. दराची चूक दाखविल्यास सात दिवसांत दुरुस्त करावी. या सूचना साध्या वाटतात. परंतु हिशेबखात्यात काम केलेल्या कोणाही अधिकाऱ्याला त्यांचे मोल कळेल, कारण छळ बहुधा अशा किरकोळ नोंदींतूनच होत असतो.

सहकारी चळवळीच्या वाचकांनी यापुढील प्रकरणाकडे विशेष लक्ष द्यावे. १८४४ मध्ये रॉचडेलच्या विणकरांनी जे दुकान काढले त्याच परंपरेतील को-ऑप ही संस्था दुसऱ्या चौकशीत दोषी ठरली. आपल्या दुकानांतील मालाची निवड नव्याने करताना तिने पुरवठादारांना पुरेशी सूचना न देता त्यांचा माल बंद केला होता, आणि गोदामातील तपासणीच्या नावाने आकार लावले होते. मार्च २०१९ च्या अहवालानंतर संस्थेने चूक मान्य करून रकमा परत केल्या. सभासदांच्या मालकीचे दुकान सभासदांशी चांगले वागते म्हणून पुरवठादाराशीही चांगले वागेल, असे गृहीत धरता येत नाही.

अंड्यांची टंचाई

निर्णायक अधिकाऱ्यांच्या वार्षिक पाहणीत संहितेच्या उल्लंघनाचा अनुभव सांगणाऱ्या पुरवठादारांचे प्रमाण २०१४ मध्ये ७९ टक्के होते. २०२१ पर्यंत ते २९ टक्क्यांवर आले. पुन्हा कठीण काळ आला तेव्हा २०२३ मध्ये ते ३६ टक्क्यांवर चढले. युक्रेनमधील युद्धानंतर खाद्य, इंधन व वीज महागली होती आणि मार्च २०२३ मध्ये ब्रिटनमधील खाद्यपदार्थांची वार्षिक भाववाढ १९ टक्क्यांवर पोचली होती. पुरवठादार भाव वाढवून मागत होते आणि दुकाने निर्णय लांबणीवर टाकीत होती. नकार आणि दिरंगाई यांत पुरवठादाराच्या दृष्टीने फारसा भेद राहत नाही, कारण खाद्याचे बिल त्याला आजच द्यावे लागते.

या दिरंगाईचे फळ अंड्यांच्या रूपाने सर्वांना दिसले. नोव्हेंबर २०२२ मध्ये ॲस्डाने प्रत्येक ग्राहकास अंड्यांचे दोन खोके आणि लिड्लने तीन खोके अशी मर्यादा घातली. पक्ष्यांच्या फ्ल्यूची साथ हे कारण पुढे करण्यात आले, आणि ते खोटे नव्हते. परंतु मोकळ्या कोंबड्या पाळणाऱ्या उत्पादकांची संघटना कित्येक महिने बजावीत होती की दुकानात अंड्यांचा भाव वाढला त्याचा अल्प अंशच उत्पादकापर्यंत पोचला आहे आणि तोट्यातील उत्पादक नवी पिल्ले घेण्याचे थांबवीत आहेत. कोंबडी अंड्यावर येण्यास चार ते पाच महिने लागतात. म्हणून उन्हाळ्यात रिकामे ठेवलेले खुराडे हिवाळ्यात दुकानाच्या रिकाम्या फळीवर दिसले.

संहितेची मर्यादाही येथे उघड झाली. तिचे संरक्षण दुकानाला थेट माल देणाऱ्यास मिळते. बहुतेक शेतकरी आपला माल दुग्धालयाला, अंडी बांधणाऱ्या कंपनीला किंवा भाजीच्या संवेष्टन-केंद्राला देतात, आणि तेथून तो दुकानात जातो. दुकानाने कंपनीला आवळले की कंपनी शेतकऱ्याला आवळते, आणि या दुसऱ्या दुव्याला संहिता लागू नव्हती. दुधापुरती ही उणीव २०२४ च्या जुलैमध्ये दूर करण्याचा आरंभ झाला. दूध-खरेदीच्या करारात भाव कसा ठरतो हे स्पष्ट लिहिणे आणि खरेदीदाराने एकतर्फी बदल न करणे, हे नव्या विनियमांनी बंधनकारक झाले.

नोकर आणि गाव

नोकरांच्या बाबतीत तूट वेतनाच्या आकड्यात क्वचितच दिसते. ती कामाच्या तासांत आणि अटींत लपविली जाते. ॲस्डाने २०१९ मध्ये ताशी वेतन वाढवून नऊ पौंड केले आणि त्याच करारात विश्रांतीचा वेळ बिनपगारी केला, सार्वजनिक सुट्टीच्या दिवशीचे जादा वेतन कमी केले, आणि दुकानाच्या गरजेनुसार पाळी बदलण्याची अट घातली. सही न करणाऱ्याची नोकरी जाणार होती. वर्षानुवर्षे एकाच पाळीत काम करून घरातील वृद्धांचे किंवा मुलांचे पाहणाऱ्या स्त्रियांना ताशी वाढीपेक्षा ही शेवटची अट अधिक जड वाटली.

काही महिन्यांतच करोनाची साथ आली आणि याच नोकरांना अत्यावश्यक सेवक म्हटले जाऊ लागले. टेस्कोने मार्च-एप्रिल २०२० च्या काळासाठी ताशी वेतनावर १० टक्के बक्षीस दिले. मॉरिसन्सने वर्षाला १० लाख पौंडांपर्यंत माल देणाऱ्या लहान पुरवठादारांची बिले तत्काळ चुकती करण्याचे ठरविले. वृद्धांसाठी व रुग्णालयांतील सेवकांसाठी दुकाने स्वतंत्र वेळी उघडी राहू लागली. ही कामे चांगली होती व त्यांची नोंद घेतलीच पाहिजे. मात्र त्या दिवसांत हॉटेले बंद असल्याने किराणा दुकानांचा खप वाढला होता, हेही विसरता येत नाही.

पंचायत सदस्यांना याच वेळचा एक प्रसंग उद्बोधक वाटेल. ब्रिटनमध्ये व्यापारी इमारतींवर घरपट्टीसारखा स्थानिक कर असतो. साथीमुळे दुकानांना २०२०-२१ या वर्षासाठी त्यातून सूट देण्यात आली. सूट सरसकट असल्याने ज्यांची दुकाने उघडी होती आणि तेजीत चालली होती, त्या सुपरबाजारांनाही ती मिळाली. टेस्कोची सूट ५८.५ कोटी पौंडांची होती, आणि त्याच वसंत ऋतूत कंपनीने भागधारकांसाठी सुमारे ६३.५ कोटी पौंडांचा लाभांश जाहीर केला. वृत्तपत्रांतून व संसदेत टीका वाढत गेली. २ डिसेंबर २०२० रोजी टेस्कोने संपूर्ण सूट परत करण्याचे घोषित केले. पाठोपाठ दोन-तीन दिवसांत मॉरिसन्स, सेन्सबरी, ॲस्डा, आल्डी व लिड्ल यांनी तसेच केले. एकूण रक्कम १५० कोटी पौंडांवर गेली. सर्वच साखळ्यांनी मात्र ती परत केली नाही, कारण तशी कायद्याची सक्ती नव्हती. सवलतीचा आदेश काढतानाच तिला अटी घातल्या असत्या तर हा सारा प्रकार दात्याच्या मर्जीवर राहिला नसता.

नाशिकची द्राक्षे

महाराष्ट्रातील द्राक्ष-उत्पादकांची सहकारी भागीदारी संस्था ‘महाग्रेप्स’ १९९१ मध्ये स्थापन झाली आणि तेव्हापासून युरोपातील मोठ्या दुकानांच्या अटी नाशिक-सांगलीच्या बागांपर्यंत पोचल्या. मण्याचा आकार, साखरेचे प्रमाण, औषधांचा अंश, मजुरांसाठी स्वच्छतागृह, फवारणीची नोंदवही या सर्वांची तपासणी होते. या शिस्तीने बागाईतदाराचा फायदाही झाला आहे. परंतु माल बंदरावर पोचल्यानंतर अडचण उद्भवली तर ती कोणी सोसावयाची, याचे उत्तर २०१० च्या हंगामात मिळाले. क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाचा अंश युरोपीय मर्यादेहून, म्हणजे किलोमागे ०.०५ मिलिग्रॅमहून, अधिक आढळल्याने महाराष्ट्रातून गेलेली द्राक्षे अडविण्यात आली. माल जहाजातून उतरलेला, शीतगृहाचे भाडे चढते, आणि नाकारलेल्या मालाला दुसरे गिऱ्हाईक नाही, अशा स्थितीत निर्यातदार बुडाले आणि त्यांच्यामागे ज्यांना केवळ उचल मिळाली होती ते शेतकरी अडकले. दुकानांनी दुसऱ्या देशाची द्राक्षे घेतली. त्यांच्या फळ्या फार दिवस रिकाम्या राहिल्या नाहीत.

२०१९ च्या युरोपीय निदेशाने नाशवंत मालाचे पैसे ३० दिवसांच्या आत देणे आणि अशा मालाची मागणी ३० दिवसांहून कमी मुदतीत रद्द न करणे बंधनकारक केले आहे. युरोपीय संघाबाहेरच्या पुरवठादारालाही त्याचा लाभ मिळू शकतो. मात्र संघातील खरेदीदाराशी थेट करार असला पाहिजे.

आपल्याकडील तरतुदी

भारतात अशी स्वतंत्र संहिता नाही. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ हा येथील मुख्य आधार. त्यानुसार सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे बिल अधिकाधिक ४५ दिवसांत द्यावे लागते. विलंब झाल्यास बँकदराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. आयकर कायद्यातील दुरुस्तीमुळे, मुदतीत न दिलेली अशी रक्कम खरेदीदाराला त्या वर्षाचा खर्च म्हणून दाखविता येत नाही. शेतातून थेट भाजी विकणारा एकटा शेतकरी मात्र या अधिनियमातील ‘उद्योग’ या संज्ञेत सहसा बसत नाही. ब्रिटिश संहितेला जो दुवा सुटला होता तोच येथेही सुटलेला आहे.

दुकानच बुडाले तर काय होते, हे ‘बिग बझार’च्या उदाहरणावरून दिसले. २०२० च्या टाळेबंदीनंतर त्याची मूळ कंपनी, फ्यूचर रिटेल, कर्जफेडीत अडखळली. २०२२ मध्ये अनेक दुकानांच्या जागा रिलायन्सकडे गेल्या, जुलैमध्ये दिवाळखोरीची कार्यवाही सुरू झाली आणि जुलै २०२४ मध्ये कंपनी मोडीत काढण्याचा आदेश झाला. अशा वेळी मालमत्ता विकून येणाऱ्या पैशाचा क्रम २०१६ च्या दिवाळखोरी संहितेने ठरवून दिला आहे. आधी कार्यवाहीचा खर्च, मग कामगारांचे २४ महिन्यांपर्यंतचे देणे व तारण असलेली कर्जे, नंतर इतर कर्मचाऱ्यांचे १२ महिन्यांपर्यंतचे वेतन, त्यानंतर बिनतारण वित्तीय कर्जे, मग शासकीय देणी. लोणचे, पापड, मसाला उधारीवर पाठविणाऱ्या गटाची पाळी त्यानंतर येते, आणि तोपर्यंत बहुधा काही उरलेले नसते.

यास्तव शेतकरी उत्पादक कंपनी किंवा महिला बचत गट एखाद्या साखळीला माल देऊ लागतो तेव्हा ग्रामसेवक, शिक्षक व पंचायत सदस्य यांनी करार एकदा वाचून पाहणे उपयोगी ठरेल. माल नाकारण्याची मुदत तासांत लिहिली आहे काय, प्रतवारी कोणाच्या वजनकाट्यावर व कोणासमोर होणार, कपातीची नावे व कमाल मर्यादा दिली आहे काय, आणि एकाच दुकानाकडे अडकलेली उधारी किती झाल्यावर पुढील गाडी थांबवावयाची, या चार गोष्टी प्रथम पाहाव्यात. प्रक्रिया करणाऱ्या गटाने उद्यम नोंदणी पहिली गाडी भरण्यापूर्वीच करून घ्यावी. थकलेल्या बिलासाठी सुलभीकरण परिषदेकडे जाण्याची वेळ आल्यास पुरवठ्याच्या तारखेस ती नोंदणी होती काय, हाच मुद्दा समोरच्या पक्षाकडून प्रथम उपस्थित केला जातो.